देणगीचा एक रुपया आणायला किती पैसे लागतात? सोलापूरच्या छोट्या संस्थांसाठी सगळा हिशोब

सोलापुरात कुठल्याही संस्थेची मीटिंग बसली आणि पैशाचा विषय निघाला की कोणतरी एकजण म्हणणारच, "एक मोठा कार्यक्रम घेऊ की ओ, हुतात्मा स्मृती मंदिरात, तिकीट लावू, स्मरणिका काढू, तीन-चार लाख कुठं गेले नाहीत." सगळे माना डोलावतात. मग दोन महिने अख्खी संस्था त्या कार्यक्रमाच्या मागं पळते, अभ्यासिका म्हणा दवाखाना म्हणा जे काय मूळ काम आहे ते बाजूला, आणि शेवटी हातात किती उरले ते कुणी नीट सांगत नाही, "कार्यक्रम मात्र लई भारी झाला" एवढंच ऐकायला मिळतं.

हा लेख त्या उरलेल्या पैशाबद्दल आहे. ज्या संस्थेचा वर्षाचा खर्च पाच लाख ते पन्नास लाखाच्या दरम्यान आहे, फंडरेझिंगला वेगळा माणूस नाही आणि खजिनदारच पावतीपासून ऑडिटपर्यंत सगळं बघतो, त्यांच्यासाठी लिहितोय. म्हणणं एकच आहे, आधीच सांगून टाकतो: देणगी फुकट येत नाही, ती आणायला खर्च होतो, तो खर्च मोजला की दिसतं की सगळ्यात स्वस्त रुपया एकदा देऊन गेलेल्या माणसाकडून येतो, आणि आपण नेमकं त्यालाच विसरतो. खाली जिथं "समजा" म्हणलंय तिथले आकडे समजावून सांगायला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

आधी कागद, पटकन

याच्यावर फार वेळ घालवत नाही. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली पाहिजे, पॅन संस्थेच्या नावाचा, बँक खातं संस्थेच्या नावाचं, आणि फोनपे-जीपेचा क्यूआर कोड त्याच खात्याचा. अध्यक्षांच्या वैयक्तिक नंबरवर पैसे घेणं आजपासून बंद, कितीही सज्जन माणूस असला तरी. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज दिलाय का ते बघा, कारण मोठा देणगीदार किंवा कंपनी आली की पहिला तोच कागद मागतात आणि तिथंच गाडी अडते. इन्कम टॅक्सची १२ए आणि ८०जी अशी दोन रजिस्ट्रेशन असतात, पहिल्यानं संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट मिळते, दुसऱ्यानं देणगीदाराला. दोन्हीला मुदत असते, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

नोंदणी नसलेलं मंडळ असेल, गणपतीचं म्हणा नवरात्रीचं म्हणा, तर वर्गणी गोळा करायच्या आधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क ची परवानगी लागते. बरीच मंडळं घेत नाहीत, ते वेगळं.

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत. लोकांच्या तोंडात अजून ८०जीच बसलंय म्हणून मी जुनीच नावं वापरतोय, फॉर्म भरताना सध्याचा नंबर सीएकडून घ्या.

एका पोरामागं खरा खर्च किती, तो काढा

समजा कुंभारीच्या बाजूला विडी कामगार बायकांच्या पोरांसाठी तुमची अभ्यासिका आहे, साठ पोरं येतात. महिन्याचं भाडं ६,०००, शिकवणाऱ्या दोन ताईंचा पगार मिळून १६,०००, लाईट-इंटरनेट २,०००, वह्या-पुस्तकं आणि खाऊ ६,०००, हिशोब-ऑडिट-फोन-पेट्रोल ५,०००. झाले महिन्याला ३५,०००, वर्षाला ४,२०,०००, म्हणजे एका पोरामागं वर्षाला ७,००० रुपये, महिन्याला सहाशेच्या आत.

आता बहुतेक संस्था काय करतात, तर पत्रकावर लिहितात "फक्त १,२०० रुपयात एका मुलाचं वर्षाचं शिक्षण". हा १,२०० कुठून आला? वह्या आणि खाऊ तेवढे मोजले, कारण पगार आणि भाडं सांगायची लाज वाटते, लोक म्हणतील आमचे पैसे पगारावर उडवतात. मग साठच्या साठ पोरांना दाते मिळाले, बोर्डावर "लक्ष्य पूर्ण" लागलं, तरी हातात आले ७२,००० आणि खर्च सव्वाचार लाखाच्या जवळ. उरलेले साडेतीन लाख कोण देणार? ताईंचा पगार थकतो, चांगली ताई दुसरीकडं जाते, पोरं गळतात. शिकवणाऱ्याचा पगार हेच तर शिक्षण आहे, त्याला वरखर्च म्हणायचं बंद करा. ७,००० सांगा, आणि विचारलं तर वरची यादी जशीच्या तशी दाखवा. सोलापूरचा व्यापारी माणूस भाडं, पगार, लाईटबिल रोज भरतो, त्याला हे कळतं, तुम्ही समजता त्यापेक्षा चांगलं कळतं.

याच हिशोबातली अजून एक गोष्ट. साठ पोरं असताना एकसष्टावं आलं तर खर्च ७,००० नी वाढत नाही, भाडं तेवढंच, ताई त्याच, फक्त वह्या आणि खाऊचे १,२०० वाढतात. असं ऐंशीपर्यंत चालेल, त्याच्यापुढं तिसरी ताई लागेल, कदाचित मोठी खोली, आणि तिथं खर्च एकदम उडी मारेल. म्हणून "अजून पोरं घेऊ का" हा प्रश्न आला की सरासरी खर्च बघू नका, पुढच्या पोराचा खर्च बघा, आणि ती उडी कुठं आहे ते आधी ओळखा. त्या उडीचे पैसे वेगळे मागायचे असतात, तिसऱ्या ताईचा एक वर्षाचा पगार ९६,०००, असं स्वच्छ सांगून.

कार्यक्रम, फोन आणि गड्ड्यातला स्टॉल

आता मुख्य गणित. तीन रस्ते घेऊ.

पहिला, संगीत रजनी. समजा तिकीट, प्रायोजक आणि स्मरणिकेच्या जाहिराती मिळून ३,००,००० जमले. सभागृह, साउंड, कलाकारांचं मानधन आणि जेवणखाण, फ्लेक्स, छपाई, शाल-श्रीफळ मिळून १,९०,००० गेले. उरले १,१०,०००. म्हणजे जमलेल्या प्रत्येक रुपयामागं त्रेसष्ट पैसे खर्च, आणि ह्यात कार्यकर्त्यांचे दोन महिने धरलेलेच नाहीत. बातमी मात्र "तीन लाखाचा निधी" अशी छापून येते.

दुसरा, जुन्या देणगीदारांना फोन. समजा २०० जणांची यादी आहे. अर्धवेळ माणूस लावला, दोन आठवड्याचे ६,०००, पत्र-छपाई-पोस्टाचे ४,०००. त्यातल्या ९० जणांनी सरासरी १,५०० दिले, १,३५,००० झाले. रुपयामागं साडेसात पैसेसुद्धा नाही. हातात उरतात सव्वा लाख, म्हणजे संगीत रजनीपेक्षा जास्त, ते पण हार-तुरे न करता.

तिसरा, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर स्टॉल. समजा भाडं, बॅनर, पत्रकं मिळून २५,००० लागले, १२० लोकांनी सरासरी दीडशे दिले, १८,००० आले. सात हजाराचा तोटा. पण जरा थांबा, हे १२० लोक नवीन आहेत. त्यांचे नंबर घेतले, वर्षभर संपर्क ठेवला, माणशी दहा रुपये म्हणजे १,२०० खर्च झाला, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या तीसच जणांनी पाचपाचशे दिले तरी १५,००० येतात. सात हजार भरून निघाले, वर ६,८०० राहिले, आणि ती तीस माणसं आता तुमच्या फोनच्या यादीत आली जिथं रुपया साडेसात पैशात पडतो. नंबरच घेतले नाहीत तर मात्र सात हजार पाण्यात, विषय संपला.

म्हणून कुठलाही उपक्रम ठरवायच्या आधी एक कागद घ्या आणि त्याच्यावर चार गोष्टी लिहा, किती जमतील, किती खर्च होईल, कार्यकर्त्यांचे किती तास जातील, आणि किती नवीन नंबर मिळतील. कार्यकर्त्यांच्या तासाला पण भाव लावा, आठवडाभर राबणारी माणसं दुसरं काहीतरी करू शकली असती, तो खर्चच आहे. कार्यक्रम घेऊच नका असं म्हणत नाही, त्यानं संस्थेचं नाव होतं, नवीन लोक येतात. पण मग त्याला प्रसिद्धीचा खर्च म्हणा आणि तसंच बजेट करा.

स्मरणिकेबद्दल एक आत्ताच सांगतो कारण ह्यात गोंधळ असतो. जाहिरातीचे पैसे देणगी नाहीत. दुकानदारानं जाहिरात दिली तर तो ती धंद्याचा खर्च म्हणून दाखवतो, त्याला ते ८०जीपेक्षा सोयीचं पडतं, आणि तुमच्या बाजूनं ते धंद्यासारखं उत्पन्न धरलं जातं ज्याचे नियम वेगळे आहेत. जाहिरात घेऊन ८०जीची पावती द्यायची नाही, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी. पावती पुस्तकं वेगळी ठेवा.

जुन्या वस्तूंचं पण तसंच. "घरातली जुनी चादर-कपडे द्या" म्हणलं की ढीग येतो, मग ते निवडायचे, धुवायचे, ठेवायला खोली, वाटायला टेम्पो. ८०जी वस्तूला मिळत नाही, फक्त पैशाला. कारखानदाराकडून थंडीत नवीन चादरींचा एक गठ्ठा मिळत असेल तर जरूर घ्या. बाकी नम्रपणे नाही म्हणायला शिका.

दुसरी देणगी, इथं सगळा जीव लावा

पहिली देणगी माणूस कशानंही देतो, मित्रानं सांगितलं, भिडेखातर, मूड होता. दुसरी देतो तेव्हा तो तुमचा झाला. त्या दुसऱ्या देणगीसाठी काय काय करायचं ते नीट सांगतो.

एक एक्सेल शीट करा, जमत नसेल तर जाड रजिस्टर. नाव, मोबाईल, पॅन, तारीख, रक्कम, रोख का ऑनलाइन, कुणाच्या ओळखीनं आले, कशासाठी दिले, आणि कुठल्या भाषेत बोलतात. हा शेवटचा रकाना सोलापुरात लई महत्त्वाचा. भवानी पेठेतल्या, साखर पेठेतल्या पद्मशाली काकांशी तेलुगूत बोलणारा कार्यकर्ता फोन लावेल आणि तोच फोन मराठीत जाईल, फरक तुम्ही स्वतः बघा. कन्नड बोलणारे आहेत, उर्दू बोलणारे आहेत. कार्यकर्त्यांत ह्या भाषा असतातच, फक्त फोनची यादी वाटताना कुणी विचार करत नाही.

अजून एक रकाना, तिथी. "कै. वडिलांच्या स्मरणार्थ" म्हणून देणारे आपल्याकडं भरपूर, पावतीवर ते छापतो आणि विसरून जातो. ती तिथी लिहून ठेवा, पुढच्या वर्षी आठ दिवस आधी फोन करा, "काका, अण्णांची तिथी जवळ आली, त्या दिवशी पोरांना जेवण ठेवायचं का, का वह्या घेऊ?" हे मागणं वाटतच नाही, समोरचा उलट म्हणतो की तुमच्या लक्षात राहिलं. अन्नदान करणाऱ्या ठिकाणी ही पद्धत मुरलेली असते, शाळा-अभ्यासिकावाल्यांनी ती उचललीच नाही. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस पण चालतो, पण तिथीएवढा पक्का नाही, वाढदिवसाला लोक गावाला जातात, हॉटेलात जातात, तिथी पाळतात.

पावती त्याच दिवशी, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ चालेल. आभाराचा फोन दोन-तीन दिवसात, विश्वस्तानं स्वतः, पाच मिनिटं. पाचशे रुपये देणाऱ्याला पण. मग वर्षात तीनदा काहीच न मागता काहीतरी कळवायचं, दहावीचा निकाल लागला, नवीन ताई आल्या, छत गळत होतं ते केलं. पोरांचे चेहरे दाखवायच्या आधी पालकांना विचारा, आणि हलाखीचे रडके फोटो टाकू नका, त्या पोराला उद्या त्याच गल्लीत फिरायचंय. चौथ्यांदा मागायचं. रोज सकाळी "शुभ सकाळ" टाकणं म्हणजे संपर्क नव्हे, त्यानं लोक म्यूट करतात.

वर्षाच्या शेवटी एकच आकडा काढा: गेल्या वर्षी दिलेल्या शंभर जणांपैकी ह्या वर्षी परत किती जणांनी दिलं. एकूण रक्कम एकाच मोठ्या देणगीनं फुगते, त्यानं फसायला होतं, हा आकडा फसवत नाही.

मागायचं कसं, आणि आधी कुणी द्यायचं

गणपतीची वर्गणी मागणारी पोरं जे करतात ते अर्थशास्त्रवाल्यांनी नंतर प्रयोग करून सिद्ध केलंय. पोरं पावती पुस्तकाची पहिली पानं आधी गल्लीतल्या मोठ्या दुकानाकडून फाडून घेतात, मग ते पुस्तक पुढच्याला दाखवतात. पुढचा बघतो, ह्यांनी पाच हजार दिले, आपण निदान हजार तरी. जॉन लिस्ट आणि डेव्हिड लकिंग-रायली ह्या दोघांनी अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटरसाठी देणगीची पत्रं पाठवून हेच तपासलं, २००२ साली ते छापून आलं. लक्ष्यातले दहा टक्के आधीच जमलेत असं सांगितलं त्यापेक्षा सदुसष्ट टक्के जमलेत असं सांगितलं तेव्हा जवळपास सहापट पैसे आले. तर विश्वस्तांनी आधी खिशात हात घालायचा, मग दोन-तीन मोठे दाते शांतपणे गाठायचे, निम्म्याच्या पुढं गेलं की मग जाहीर करायचं. शून्यावरून जाहीर आवाहन म्हणजे रिकामं पावती पुस्तक दाखवणं.

दुसरा प्रयोग, डीन कार्लन आणि परत हेच जॉन लिस्ट, २००७. पन्नास हजाराच्या वर जुन्या देणगीदारांना पत्रं गेली, काहींना सांगितलं तुम्ही एक डॉलर द्या, आमचा मोठा दाता एक घालेल, काहींना दोन घालेल, काहींना तीन. जोडीला कोणीतरी घालतंय म्हणल्यावर दर पत्रामागं एकोणीस टक्के जास्त पैसे आले, पण एकास तीन केल्यानं एकास एकपेक्षा जास्त काही फायदा झाला नाही. म्हणजे तुमच्याकडं कोणी उद्योजक एक लाख द्यायला तयार असेल तर "तुमच्या प्रत्येक रुपयाला ते एक रुपया घालणार" एवढं बास, तिप्पट करून ते पैसे लवकर संपवू नका.

तिसरा तर थेट आपल्या पगार-भाड्याच्या दुखण्यावर. २०१४ साली यूरी नीझी आणि सहकाऱ्यांनी चाळीस हजार लोकांना पत्रं पाठवली. एका गटाला सांगितलं, सगळा वरखर्च एका दात्यानं आधीच भरलाय, तुमचा प्रत्येक पैसा थेट कामाला. त्या गटाकडून साध्या पत्राच्या जवळजवळ तिप्पट रक्कम आली, आणि तोच पैसा नुसता सुरुवातीची देणगी म्हणून सांगितला किंवा जोडदेणगी म्हणून वापरला त्यापेक्षाही जास्त आली. इथं करून बघा: विश्वस्त आणि दोन जवळचे दाते मिळून ऑडिट-फोन-पेट्रोलचे वर्षाचे ६०,००० उचला, आणि बाकीच्यांना तसं खरं खरं सांगा. खरं असेल तरच.

लोक का देतात ह्याच्यावर जेम्स अँड्रिओनी ह्या अर्थशास्त्रज्ञानं १९९० च्या आसपास मांडलं की माणूस फक्त काम व्हावं म्हणून देत नाही, आपण दिलं ह्याचं जे समाधान मिळतं त्यासाठी पण देतो. ऐकायला साधं आहे, पण व्यवहारात त्याचा अर्थ असा की "सरकार देतंय की, आम्ही कशाला" म्हणणारा माणूस पूर्ण खरं बोलत नसतो. त्याला त्याचा वाटा दिसला पाहिजे, ही बेंच तुमच्यामुळं आली, हा महिना तुमच्यामुळं निघाला.

कधी मागायचं, तर ज्याच्या हातात जेव्हा पैसा असतो तेव्हा. नोकरदार आणि व्यावसायिक फेब्रुवारी-मार्च, टॅक्समुळं. ऊसवाला शेतकरी बिल जमा झाल्यावर, गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पुढं सुरू होतं, बिल कधी निघालं ते त्यालाच विचारा. व्यापारी दिवाळीच्या आधी नको, माल भरण्यात पैसा अडकलेला असतो, दिवाळीनंतर जा. जैन कुटुंबांकडं पर्युषण, पद्मशाली समाजात नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाच्या आसपास वातावरण असतं. रमझानमध्ये जकात निघते, पण ती ठरलेल्याच गरजूंसाठी वापरायची असते, त्यामुळं घेतली तर वेगळा हिशोब ठेवा, फ्लेक्स आणि भाड्यात मिसळू नका. आणि पुण्याला गेलेली आपली पोरं, आयटीत आहेत, हुतात्मा एक्सप्रेसनं सणाला घरी येतात, त्यांना पुण्यात गाठण्यापेक्षा गड्ड्याला नाहीतर दिवाळीत इथं आल्यावर अभ्यासिकेत चहाला बोलवा. महिन्याला सहाशेचा ऑटो-डेबिट लावून देणारे सगळ्यात जास्त ह्याच गटात सापडतील.

टॅक्सचं गणित देणगीदाराला नीट सांगा

"८०जी आहे" एवढं म्हणून थांबू नका. साध्या भाषेत असं: जुन्या करपद्धतीत तीस टक्क्याच्या स्लॅबमधल्या माणसानं १०,००० दिले, त्यातले निम्मे म्हणजे ५,००० उत्पन्नातून वजा होतात, सेस धरून १,५६० टॅक्स वाचतो, म्हणजे त्याला देणगी ८,४४० ला पडली. नवीन करपद्धत घेतली असेल तर काहीच वाचत नाही, दहा हजार म्हणजे दहा हजार. नवीन पद्धत आता डिफॉल्ट आहे, त्यामुळं मार्चमधल्या "टॅक्स वाचवा" वाल्या पत्रकाचा जोर पहिल्यासारखा राहणार नाही, त्या एका मुद्द्यावर सगळं अवलंबून ठेवू नका.

रोख २,००० च्या वर दिली तर ८०जी मिळत नाही. पॅन घेतल्याशिवाय मोठी पावती फाडू नका कारण वर्ष संपल्यावर ३१ मेच्या आत सगळ्या देणगीदारांची माहिती फॉर्म १०बीडी मध्ये भरायची असते, त्यातून १०बीई प्रमाणपत्र निघतं आणि तेच देणगीदाराला लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी. देणगीदाराला टॅक्सची सूट नाही मिळाली तर तो फोन करून भांडत नाही, पुढच्या वर्षी देत नाही फक्त.

दानपेटीत नाव नसलेले पैसे येतात, ते एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, ह्यातलं जे जास्त असेल त्याच्या वर गेले तर वरच्या रकमेवर तीस टक्के टॅक्स. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ते लागू नाही, आपल्यासारख्यांना आहे. छोट्या संस्थेला एक लाखाची मर्यादा पुरते, तरी पेटीशेजारी वही ठेवा.

सीएसआर आणि परदेशातला पैसा

ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, ह्यातलं एक जरी लागू असेल तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, हाच सीएसआर, आणि कायदाच म्हणतो की आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्या. सोलापुरात एनटीपीसी आहे, बालाजी अमाईन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहेत, लिस्टेड कंपन्यांच्या वार्षिक अहवालात सीएसआर कुठं खर्च केला ते छापलेलं असतं, जायच्या आधी ते वाचा. आणि मोठ्या नावांच्याच मागं लागू नका. ज्या कंपनीची सीएसआर रक्कम पन्नास लाखाच्या आत आहे तिला वेगळी कमिटी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या अशा कंपनीच्या मालकाला प्रत्यक्ष भेटून काम होऊ शकतं.

संस्थेला सीएसआर-१ नोंदणी, १२ए, ८०जी आणि साधारण तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. हा पैसा प्रकल्पापुरता असतो, वर्षाचा असतो आणि बऱ्याचदा उशिरा येतो. त्याच्या जोरावर कायमचे पगार ठरवले की पुढच्या एप्रिलमध्ये रडायची पाळी. सीएसआर एकूण उत्पन्नाच्या निम्म्याच्या पुढं जायला लागलं तर मी तरी सावध होईन.

परदेशातून पैसे घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते, त्याशिवाय परदेशी नागरिकाचा एक डॉलर पण नको. पण दुबईत किंवा अमेरिकेत असलेला सोलापूरचा पोरगा अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र धरतात, भले ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते, असूदे. म्हणून पैसे यायच्या आधी पासपोर्ट विचारा, लाजू नका, पासपोर्टची कॉपी फाईलला लावा.

शिल्लक, ठेव आणि नावाची पाटी

हातात चार महिन्यांचा खर्च असावा, आपल्या अभ्यासिकेचे १,४०,०००. ट्रस्टनं वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के कामावर खर्च करायचे असतात, उरलेले १५ टक्के मागं टाकायला मुभा आहे. सव्वाचार लाखाच्या आसपास उत्पन्न असेल तर वर्षाला साठ हजार, म्हणजे दोन-अडीच वर्षात ती शिल्लक तयार होते. पतसंस्थेत व्याज जास्त मिळतंय म्हणून ट्रस्टचे पैसे तिथं टाकू नका, कुठं गुंतवायचे ते कायद्यानं ठरवून दिलंय.

आणि आता पाटीवाला देणगीदार. "तीन लाख देतो, खोली बांधा, आईचं नाव द्या." सगळ्यांना आनंद होतो, फोटो निघतो, खोली होते. मग त्या खोलीची लाईट, झाडलोट, रंग, दुरुस्ती, तिथं बसणाऱ्या माणसाचा थोडा पगार धरून समजा वर्षाला ४०,००० लागतात, ते कोण देणार? साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला चाळीस हजार यायला सहा लाखाच्या वर ठेव लागते. म्हणजे तीन लाखाची खोली चालवायला त्याच्या दुप्पट पैसा बँकेत हवा, आणि महागाईनं ते पण हळूहळू अपुरं पडणार. हे गणित कागदावर मांडून देणगीदारासमोर ठेवा, पाटी लावायच्या आधी. कॉर्पससाठी, म्हणजे कायम ठेवीसाठी देत असेल तर तसं त्याच्याकडून लेखी घ्या, नाहीतर ती साधी देणगी धरली जाते. पूर्ण ठेव जमत नसेल तर बांधकामाबरोबर निदान पाच वर्षांचा चालवायचा खर्च, म्हणजे दोन लाख, आधी जमा करायला सांगा. काहीजण ऐकून घेतात आणि देतात. जे म्हणतात की आम्ही फक्त बांधकामालाच देणार, त्यांना आहे त्याच खोलीचं वर्षाचं भाडं ७२,००० उचलायला सांगून बघा, आईच्या नावाची पाटी त्या दारावर पण लावता येते.